सर्व्हरवर 'आई' म्हणून हाक मारली तर कोण येतं?

गेल्या भागात एंटिटी मॅनेजरबद्दल बोलताना एक वाक्य मी घाईत उरकलं होतं: तो कंटेनरकडून मिळतो. बरोबर, पण मिळतो म्हणजे कसा? मला स्वतःला हे नीट कळलं ते एकदा रात्री दोन वाजता. एका पतसंस्थेचं दिवसअखेरचं काम अडकलं होतं, सकाळी काउंटर उघडायचं होतं, आणि लॉगमध्ये एकच ओळ परत परत येत होती: नेम नॉट फाउंड एक्सेप्शन.

एंटरप्राइज जावात आपला कोड डेटाबेसचा पत्ता, युजर, पासवर्ड स्वतःजवळ ठेवत नाही. ते सर्व्हरवर डेटासोर्स म्हणून नोंदवलेलं असतं. पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएल ही फाइल त्या डेटासोर्सकडे बोट दाखवते आणि आपण फक्त नावाने हाक मारतो. नाव दिलं की वस्तू आणून देणारी ही सोय म्हणजे जेएनडीआय.

नावाची सुरुवात बहुतेकदा अशी: जावा कोलन कॉम्प स्लॅश ई एन व्ही. म्हणजे 'या कॉम्पोनंटच्या घरात'. घरात आपण 'आई' म्हणतो, आधार कार्डावरचं नाव घेत नाही. शेजारच्या घरात हीच हाक मारली की दुसरी आई बाहेर येते. म्हणून तर टेस्टिंगला एक डेटाबेस, प्रॉडक्शनला दुसरा, आणि कोड मात्र तोच. (ईजेबी जारमध्ये प्रत्येक बीनचं घर वेगळं असतं. वॉर फाइलमध्ये सगळे एकत्र कुटुंबात राहतात.)

आता माझ्या चुका, क्रमाने.

मी एक हेल्पर क्लास लिहिला आणि फील्डवर ॲट पर्सिस्टन्सकॉन्टेक्स्ट लावलं. जावा ईई ५ पासून, म्हणजे २००६ पासून, ही सोय आहे. पण फील्ड नल! कारण तो ऑब्जेक्ट मी 'न्यू' करून बनवला होता. कंटेनर फक्त स्वतः बनवलेल्या वस्तूंमध्ये इंजेक्शन करतो, माझ्या ऑब्जेक्टची त्याला खबरच नव्हती.

मग लुकअप केला. हेल्परला बोलावणाऱ्या बीनच्या क्लासवर तेच ॲनोटेशन लावून त्याला एक नाव दिलं, आणि हेल्परमध्ये इनिशियल कॉन्टेक्स्टकडे ते मागितलं. इथे बरेच जण अडखळतात: ॲनोटेशनमध्ये नुसतं नाव द्यायचं, पण लुकअप करताना पुढे जावा कोलन कॉम्प स्लॅश ई एन व्ही स्लॅश लावायचं. हे चाललं. हेल्पर 'न्यू' केलेला असला तरी हाक बीनच्या घरातूनच जात होती ना.

तिसरी चूक खरी महागात पडली. काम हळू होतं म्हणून मी ठरवलं, नोंदी जास्त असतील तर स्वतः नवे थ्रेड सुरू करायचे. टेस्टिंगच्या डेटात नोंदी मोजक्याच, त्यामुळे तो रस्ता कधी चाललाच नाही. प्रॉडक्शनला पहिल्याच रात्री चालला. आपण सुरू केलेल्या थ्रेडला घर नसतं. भर रस्त्यात उभं राहून 'आई' ओरडलं तर कोण येणार? डेटाबेस चालू होता, नाव बरोबर होतं, तरी मी तासभर स्पेलिंग तपासत बसलो.

त्या रात्री थ्रेड काढून काम जुन्या पद्धतीने, हळूहळू पूर्ण केलं. नंतर मॅनेज्ड एक्झिक्युटर सर्व्हिस वापरली. जावा ईई ७ मध्ये, २०१३ साली आलेली ही सोय काम देणाऱ्याच्या घराचा पत्ता नव्या थ्रेडबरोबर पाठवते. ट्रान्झॅक्शन मात्र पाठवत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याचं काम मी एका स्टेटलेस बीनच्या मेथडमध्ये ठेवलं. ती आपलं ट्रान्झॅक्शन स्वतः सुरू करते. आणि एकच एंटिटी मॅनेजर दोन थ्रेडमध्ये वाटायचा नाही, तो त्यासाठी बनलेलाच नाही.

जाता जाता, लुकअपचं नाव युजरने टाइप केलेल्या मजकुरातून कधीच बनवू नका. डिसेंबर २०२१ मध्ये गाजलेली लॉगफोरशेल ही त्रुटी याच वाटेने आली होती: लॉगमध्ये जाणाऱ्या बाहेरच्या मजकुरावरून लॉगफोरजे लायब्ररी जेएनडीआय लुकअप करत होती.

आता नेम नॉट फाउंड दिसलं की मी आधी स्टॅक ट्रेसच्या तळाशी जातो. तिथे कंटेनरचे क्लास दिसले तर नाव तपासतो. नुसतं थ्रेड डॉट रन दिसलं तर हा थ्रेड कुणी सुरू केला ते शोधतो.