भीमथडीचें तट्टू

कोकणांत घोडा हा कधींच घरोघरचा प्राणी नव्हता. रत्नागिरीच्या कातळांतून आणि घाट्यांतून ओझें वाहिलें, तें बैलांनीं व माणसांनीं. तथापि महाराष्ट्राच्या घोड्याची हकीकत सांगूं लागलें, तर तिचा एक धागा आपल्या दाभोळ बंदरापर्यंत येतो. अरबस्तान व खुरासान येथील घोडे दाभोळास उतरत, असें पंधराव्या शतकांतील रशियन प्रवासी अफानासी निकितीन लिहून गेला आहे. तो स्वतः एक घोडा घेऊन चौलास उतरला होता. जुन्नरच्या सुभेदारानें तो हिसकावून घेतला व एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीनेंच परत दिला! त्या काळीं घोड्याचें मोल काय होतें, हें ह्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

घाट चढून गेलेल्या ह्या परदेशी रक्ताची दख्खनच्या काटक तट्टांशीं मिसळ होऊन भीमेच्या कांठीं जें जनावर निपजलें, तेंच भीमथडीचें तट्टू, असें मानितात. उंची बेताची, खूर कठीण, वैरण थोडी आणि चाल लांब पल्ल्याची. मराठी फौजेची मदार ह्यांवर होती. २०२३ सालीं राज्यगीत ठरलेल्या राजा बढे ह्यांच्या गीतांतही ह्या तट्टांस मानाचें स्थान आहे.

परंतु फौजा मोडल्यावर हा वंश तगून राहिला, त्याचें बरेंच श्रेय धनगरांस दिलें पाहिजे. दिवाळी सरली कीं देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणांत उतरतात. तट्टाच्या पाठीवर सारें बिऱ्हाड असतें: पाल, भांडीं, दाणागोटा, पायांना दोरी बांधलेल्या कोंबड्या, नुकतीं व्यालेलीं कोकरें, क्वचित् एखादें पोरही. भात कापलेल्या शेतांत मेंढ्या बसवाव्या, खताच्या मोबदल्यांत धान्य वा पैसे घ्यावे, आणि पाऊस येण्यापूर्वीं घाट चढावा, असा हा क्रम आहे. स्वारांच्या पराक्रमाचा अभिमान मिरविणारे आपण ह्या तट्टाकडे मात्र ढुंकूनही पाहत नाहीं.

कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेनें २०२४ सालीं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. घोड्यांच्या सात जाती त्यापूर्वीं नोंदल्या गेल्या होत्या, ही आठवी. गोष्ट आनंदाची खरी, पण दप्तरांत नांव चढल्यानें वैरण मिळत नाहीं. हें जनावर कष्टाचें आहे. त्याला पाठीवरचें ओझेंच जगवितें. आतां बिऱ्हाड टेंपोंतून हलूं लागलें आहे, चराऊ रानें आटत आहेत, धनगरांचीं मुलें शाळा-नोकरीकडे वळत आहेत, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. इकडे कोकणांतलीं भातशेतेंही कित्येक ठिकाणीं ओसाड पडलीं आहेत. पीकच नाहीं, तेथें मेंढ्या बसविण्यास कोण बोलावणार?