चार गल्ल्यांचं गाव

अमेरिका म्हटलं की आपल्याकडच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. पुढे हिरवंगार लॉन, दोन गाड्यांचं गॅरेज, मागच्या अंगणात बार्बेक्यू. मी राहतो ते गाव या चित्रात कुठेच बसत नाही. व्हिडिओ कॉलवर खिडकीतून खालची गल्ली दाखवली की डोंबिवलीची मावशी हमखास विचारते, ‘‘अरे, ही अमेरिकाच आहे ना?’’

आहे. गावाचं नाव गटेनबर्ग, राज्य न्यू जर्सी. हडसन नदीच्या एका काठावर मॅनहॅटन आणि समोरच्या कड्यावर आमचं गाव. रुंदी अवघी चार गल्ल्यांची. जमीन जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १२,०१७. म्हणजे चौरस किलोमीटरमागे वीस हजारांच्या वर माणसं! अमेरिकेतल्या सगळ्यांत दाट वस्तीच्या गावांत त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. शेजारची वेस्ट न्यूयॉर्क आणि युनियन सिटी ही गावंही याच वळणाची. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे पोलिसांच्या गाडीवरचं नाव वाचलं तरच कळतं.

नदीकडच्या टोकाला १९७० च्या दशकात बांधलेले गॅलेक्सीचे ४४ मजली तीन टॉवर आहेत. त्यात हजारावर घरं. बाकीचं गाव मात्र ठेंगणं. अरुंद प्लॉटवर एकाला एक लागून दोन-तीन मजली घरं आणि प्रत्येक घरात दोन-तीन बिऱ्हाडं. आम्ही त्यातल्याच एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली इक्वेडोरचं कुटुंब, वर एक क्यूबन आजी. त्यांच्या राजम्याला फोडणी पडली की आमच्या स्वयंपाकघरात वास येतो. आमच्या हिंगाचा वास त्यांच्याकडे जात असणारच, पण अजून तरी कोणी तक्रार केलेली नाही.

ही दाटी आजची नाही. या पट्ट्यात आधी जर्मन आणि स्विस लोक आले, त्यांनी यंत्रावरच्या भरतकामाचे कारखाने काढले. नंतर इटालियन आले. क्यूबातल्या क्रांतीनंतर तिथून इतकी माणसं आली, की युनियन सिटीला ‘हडसनकाठचं हवाना’ म्हणू लागले. १९३७ मध्ये नदीखालून लिंकन टनेल सुरू झाला आणि मॅनहॅटनची नोकरी आणखी जवळ आली. आज सकाळच्या गर्दीत टनेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लेन फक्त बससाठी राखलेली असते. बाजूला गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात आणि बस त्यांच्या शेजारून निघून जाते. आमची लोकल म्हणजे ही बस!

बर्गनलाइन अॅव्हेन्यू हा इथला मुख्य रस्ता. बेकरी, न्हावी, शिंपी, फार्मसी, लाँड्रोमॅट, सगळं एकाला एक खेटून. सरकारी बस आहेतच, शिवाय खासगी मिनीबसही धावतात. हात केला की थांबतात. आपल्या शेअर रिक्षाच्याच कुळातल्या. नेवार्क अॅव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत जायचं तर यातलीच एक जर्नल स्क्वेअरपर्यंत नेते. पण रोजच्या भाजीला तेवढंही लांब जावं लागत नाही. कोथिंबीर, कच्ची केळी, चिंच, पेरू, सगळं कोपऱ्यावरच्या लॅटिन दुकानात मिळतं.

याची खरी किंमत आम्हाला आई-बाबा आले तेव्हा कळली. पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही ऑफिसजवळच्या एका उपनगरात राहायचो. घर मोठं, झाडं भरपूर, हवा स्वच्छ. पण कॉम्प्लेक्सच्या बाहेर पडलं की फुटपाथ संपायचा. सर्वांत जवळचं दुकान चार किलोमीटरवर, तेही चार लेनच्या रस्त्यापलीकडे. आम्ही दोघं सकाळी दोन गाड्या घेऊन निघून जायचो आणि ते दोघं खिडकीत बसायचे. रेल्वेत पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस दाढीचं ब्लेड आणायलाही मुलाच्या शनिवारची वाट बघायचा. तक्रार कधी केली नाही, पण कॅलेंडरवर परतीच्या तारखेपर्यंतच्या दिवसांवर फुल्या मारत होते.

पुढे माझी नोकरी मॅनहॅटनला गेली म्हणून आम्ही इथे आलो आणि दुसऱ्या खेपेला आई-बाबा या गावात राहिले. चौथ्या दिवशी बाबा एकटे बाहेर पडले. ब्रॅडॉक पार्कच्या तळ्याला फेरी मारायची, बेकरीत कॉफी घ्यायची, येताना दूध आणायचं, हा त्यांचा नेम झाला. इंग्रजी जेवढं त्यांना येत होतं तेवढंच बेकरीवाल्यालाही, त्यामुळे संकोचाचा प्रश्नच नव्हता. आईने ‘ग्रासियास’ आणि ‘क्वांतो’ एवढ्या दोन शब्दांवर भाजीबाजार जिंकला. वरच्या आजींशी तिची मैत्री कुठल्या भाषेत झाली, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. या खेपेला कॅलेंडरवर फुल्या नव्हत्या.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पार्किंग ही इथली रोजची परीक्षा. रात्री आठनंतर घरी आलो तर जागेसाठी वीस-पंचवीस मिनिटं घिरट्या ठरलेल्या. रस्ता झाडायच्या दिवशी गाडी हलवायला विसरलं की पावती हातात. बर्फ पडला की उपसून काढलेल्या जागेवर लोक खुर्ची ठेवतात आणि त्यावरून भांडणंही होतात. रात्री कोणाच्या तरी गाडीतलं संगीत आपल्या झोपेत वाजतं. घर लहान, भाडं मोठं आणि दरवर्षी वाढणारं.

शिवाय लेक पाच वर्षांची झाली आहे. गावात सरकारी शाळा एकच, आठवीपर्यंतची. हायस्कूलला मुलं शेजारच्या नॉर्थ बर्गनला जातात. मित्रमंडळी बहुतेक एडिसनकडे. तिथे घरं ऐसपैस, मराठी घरं हाकेच्या अंतरावर. ‘‘किती दिवस त्या खुराड्यात राहणार?’’ असं मित्र हक्काने विचारतात. बायकोलाही स्वतःचं अंगण हवंय आणि त्यात चूक काहीच नाही.

भाडेकरार संपायला चार महिने उरलेत. आम्ही घरं बघतो आहोत. पण बाबा आता बहात्तरचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. यापुढे ती दोघं किती वेळा येऊ शकतील, हे हिशेबात धरायलाच हवं. म्हणून आमच्या यादीत बेडरूम आणि शाळेच्या रेटिंगबरोबर आणखी एक रकाना आहे. दारातून निघालेला, गाडी न चालवणारा माणूस दहा मिनिटांत कुठे पोहोचू शकतो? गेल्या तीन रविवारी पाहिलेल्या अकरा घरांपैकी दोनच घरांपुढे त्या रकान्यात काही लिहिता आलं. दोन्ही रेल्वे स्टेशनजवळच्या जुन्या वस्तीत आहेत, दोन्हीचं अंगण चिमुकलं आणि दोन्हीची किंमत आमच्या ऐपतीच्या जरा वर.

तुमच्यापैकी जे घर बघत असतील त्यांनी हा रकाना जरूर घालून पाहावा. आई-बाबा यायचे असतील तर नक्कीच. आणि तिकडून फोनवर ‘‘घर किती मोठं घेतलंस?’’ असं विचारणाऱ्या मावशी-काकांनी पुढे एवढंही विचारावं, ‘‘आम्ही आलो तर दूध आणायला आमचे आम्ही जाऊ शकू ना?’’