सावकाराची वही आणि बँकेचे कार्ड

माझे वडील सालगडी होते. गावच्या सावकाराचे पैसे ते शेकडा दोनने फेडत. वहीत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. ते अंगठा तेवढा देत. मी शिकलो, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलो आणि २०२३ साली कंत्राट संपले म्हणून घरी बसलो. पाठीशी ना जमीन होती, ना वडिलोपार्जित पुंजी. किराणा, मुलीची फी, आईचे औषध, सारे क्रेडिट कार्डावर चालले. दहा महिन्यांत देणे १,८०,००० रुपये झाले. व्याज महिन्याला शेकडा साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. वडिलांच्या सावकाराच्या पावणेदोन पट! सावकाराचे येथे कौतुक नाही. तो व्याजाशिवाय वेठही घेत असे. पण आकडा तो आकडाच.

हे देणे फिटत का नाही, ते समजून घेतले पाहिजे. बँक दरमहा एक ‘किमान रक्कम’ कळवते. माझी ५ टक्के होती, म्हणजे ९,००० रुपये. ती भरली की आपण सुटलो असे वाटते. प्रत्यक्षात १,८०,००० वर महिन्याचे व्याज ६,३००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,१३४. मुद्दलात गेले फक्त १,५६६ रुपये! शिवाय मागील बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज लागते. मी भरत होतो आणि खर्चही करत होतो. देणे हलेल कसे?

कायदा काय करतो? दामदुपटीचा जुना नियम असा की, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. परंतु १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात कलम २१-अ आले आणि व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँकेचा हिशेब पुन्हा उघडण्याची वाट न्यायालयांना बंद झाली. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा दराची मर्यादा कोणी येऊन घालील, या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

मग आपल्या हाती काय आहे? प्रथम लाज सोडणे. आपल्यातला पहिला पगारदार कर्जात बुडाला की तो घरी सांगत नाही, मित्रांना टाळतो. ‘शिकून काय केलेस?’ हा प्रश्न त्याला वसुलीवाल्यापेक्षा जास्त भिववतो. मीही पाच महिने बायकोला सांगितले नव्हते. वसुलीवाला ‘पोलिस पाठवतो’ म्हणाला, त्या रात्री सांगितले. कार्डाचे देणे थकणे हा दिवाणी मामला आहे. केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंग होत नाही. मात्र दिलेला चेक वटला नाही तर फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून दबावाखाली पुढील तारखेचे चेक देऊ नयेत. सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, धमकी देऊ नये, नातेवाइकांत बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बँकांना बजावले आहे. फोनांची नोंद ठेवावी, लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

मी कार्ड कापले. धान्य, भाडे, फी, औषध आधी, बाकी नंतर, असा कागद मांडला. एक कर्ज फेडायला मोबाइलवरचे दुसरे घेतले नाही. कमी पगाराची का होईना, नोकरी लागताच बँकेला लेखी अर्ज दिला: कार्ड बंद करा, हप्ते बांधा. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा मानले. दीड टक्का दराने ३६ महिने, हप्ता सुमारे साडेसहा हजार, व्याजावरचा कर वेगळा. पूर्वी नऊ हजार भरून शेवट दिसत नव्हता; आता शेवटची तारीख कागदावर आहे. काहींना एकरकमी तडजोड जमते. पण पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि पतनोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो व पुढे कर्ज मिळणे अवघड जाते, हेही जाणून असावे.

आता वस्तीतल्या विहारात रविवारी आम्ही चारपाच जण आपापली पत्रके घेऊन बसतो. कोणी कोणाला हसत नाही. वडिलांना सावकाराची वही वाचता येत नव्हती. मला बँकेचे पत्रक वाचता येत होते, आणि भीतीपोटी मी ते महिनोन्‌महिने उघडत नव्हतो. शिकलेल्या माणसाचा हा अंगठाच म्हणायचा.