कानात वारं शिरत नाही, बाई!

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच माझ्याकडे लोकरीची कामं यायला लागतात. कुणाच्या लेकीचं पहिलं बाळंतपण, कुणाच्या नातवाचं पहिलं बोरन्हाण. मागणी कानटोपीची, आणि तिच्यामागचं वाक्यही ठरलेलं: “कान नीट झाकतील अशी विण गं, लेकराच्या कानात वारं शिरतं.” जालन्यात हेच, भोकरदनला हेच, घनसावंगीकडच्या एका आजीबाई तर टोपीच्या आत कापसाचा बोळाही कोंबतात. कापसाचाच मुलूख, बोळ्याला काय तोटा! पंचवीस वर्षं सुया चालवतेय. आधी मान डोलवायचे, आता भांडते.

कान म्हणजे आरपार बोगदा नाही. बाहेरून दिसणारं भोक थोडं आत गेलं की पडद्याशी संपतं. पडदा शाबूत असेल तर वारं त्याच्या पलीकडे जात नाही. घशात, छातीत तर नाहीच नाही. कानात वारं शिरून उधळतं ते म्हणीतलं वासरू. गार वाऱ्याने कान ठणकतो हे खरं, पण तो कातडीला झोंबणारा गारठा असतो. आडोशाला आलं की थांबतो.

मग थंडीत लेकरांचे कान फुटतात ते कशाने? नाकाच्या मागून, घशाच्या वरच्या भागातून एक बारीक नळी मधल्या कानापर्यंत जाते. मोठ्यांमध्ये ती उतरती असते, लहान मुलांमध्ये आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की ती सुजून बंद होते, आत पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात, दाब वाढून पडदा फुटतो आणि कान वाहतो. चोर मागच्या दाराने आलेला असतो आणि आपण पुढच्या दाराला लोकरीची कडी घालून बसलेलो. आडवं निजवून बाटलीने दूध पाजणं हे कान बिघडण्याचं एक माहीत असलेलं कारण. घरातला विडी-सिगारेटचा धूर हे दुसरं.

धुराचं नाव निघालं की माझा पारा चढतो. कानात वारं जाऊ नये म्हणून टोपीची नाडी करकचून बांधायची आणि संध्याकाळी त्याच लेकराला शेगडीवर धरून ओव्याची धुरी द्यायची! बाळाच्या नाका-घशाचं आतलं अस्तर त्या धुराने चिडतं आणि ती नळीही त्याच अस्तराची. कानासाठी खरंच काही करायचं असेल तर धुरी बंद करा आणि न्यूमोकॉकलची लस चुकवू नका. कानाच्या संसर्गामागे असणाऱ्या जंतूंपैकी एका मोठ्या जंतूवरची ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

इथे कुणी तरी विचारतंच, “मग थंडीने सर्दी होतच नाही म्हणता?” सर्दी होते विषाणूने. थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एका खोलीत दाटीने बसतो, तिथे तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पण गारठ्याचा काहीच वाटा नाही असंही मी म्हणणार नाही, कारण एक प्रयोग माझ्या वाटेत आडवा येतो. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये कार्डिफ विद्यापीठात १८० जणांवर तो झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी वीस मिनिटं पाय १० अंशांच्या गार पाण्यात बुडवले, निम्म्यांनी रिकाम्या भांड्यात नुसते ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यावाल्या ९० पैकी २६ जणांनी सर्दीची लक्षणं सांगितली, दुसऱ्या ९० पैकी फक्त ८ जणांनी. यात विषाणूची तपासणी झाली नव्हती, लोकांनी सांगितलेलं लिहून घेतलं होतं, आणि सगळी मोठी माणसं होती. तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. तरीही बघा, पुरावा थोडाफार आहे तो पायांच्या बाजूने. कानाच्या बाजूने असा प्रयोग मला कुठे सापडला नाही. दुसरा धागा नाकाचा. सर्दीचा एक नेहमीचा विषाणू, ऱ्हायनोव्हायरस, शरीराच्या ३७ अंशांपेक्षा नाकातल्या ३३-३५ अंशांत जास्त फोफावतो. म्हणजे वाऱ्याला घाबरायचंच तर नाकाकडून घाबरावं, आणि कानटोपीत नेमकं तेच उघडं राहतं.

कानटोपीच्या पाठीराख्यांकडे दुसरं हत्यार असतं, तेही आता मोबाइलवर फिरतं: “शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते.” अमेरिकन सैन्याच्या १९७० च्या एका पुस्तिकेत ४० ते ४५ टक्के असा आकडा होता. त्याच्या मागे १९५० च्या दशकातले प्रयोग असल्याचं सांगतात. त्यांत अंगभर उबदार कपडे घातलेल्या माणसांचं डोकंच तेवढं उघडं होतं. उघडं होतं तिथूनच ऊब जाणार, दुसरीकडून कशी जाईल? २००८ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन अमेरिकन डॉक्टरांनी हा समज खोडून काढला. मोठ्या माणसाचं डोकं म्हणजे अंगाच्या कातडीचा नऊ-दहा टक्के भाग, तर उष्णताही साधारण तेवढीच जाते.

पण बाळ हे मोठ्या माणसाचं लहान माप नव्हे. तान्ह्याचं डोकं कातडीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा असतं. म्हणून नवजात बाळाला टोपी हवीच, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्यांपेक्षा एक-दोन कपडे जास्त आणि डोक्याला टोपी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात बाळ गार पडू न देणं हे एक मुख्य काम होतं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या घालतात, त्या कामाचा एक मोठा आधार तोच प्रयोग.

खरी गडबड पुढे आहे. जे डोकं पहाटे ऊब घालवतं, तेच दुपारी नको असलेली उष्णता बाहेर टाकतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर, कधी त्याखालीही, आणि दुपारी २८-२९ वर. पहाटे घातलेली टोपी संध्याकाळपर्यंत डोक्यावर. अंगावर दुपटं, स्वेटर, वर ती नाडी. बाळ किरकिरलं की म्हणायचं दृष्ट लागली. बाई, त्याला उकडतंय! झोपेत जास्त गरम होणं हा तान्ह्या बाळांच्या अचानक मृत्यूशी जोडलेला धोका आहे, म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांत जन्मानंतरचे पहिले काही तास आणि अतिदक्षता विभाग सोडला तर घरात बाळाला टोपी घालू नका असं म्हटलं आहे. त्यांची घरं गरम केलेली असतात, आपल्या पत्र्याखाली पहाटे हुडहुडी भरते, हे मी जाणते. तेव्हा माझं मत असं: कुशीत, अंगणात, एसटीत, ऊसतोडीला निघालेल्या गाडीत टोपी असावी. घरात झोपवताना ती काढून अंगावर बेताचे थर द्यावेत आणि मानेमागे हात लावून बघावं. तिथे घाम असेल तर एक थर कमी. बाळ कमी वजनाचं असेल तर मात्र माझं नाही, डॉक्टरांचं ऐका.

आता लोकरीकडे येते, कारण तिथे तर शब्दच फसवतो. आपण ज्या गुंड्यांना लोकर म्हणतो त्यातली बहुतेक लोकर मेंढीने कधी पाहिलेलीही नसते. ती अॅक्रिलिक, म्हणजे तेलापासून बनवलेला कृत्रिम धागा. पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. पट्टी नसेल तर वीतभर धागा तोडून चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि काळा टणक मणी उरतो. स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे, मी स्वतः रोज विणते. पण हुरड्याच्या आगटीभोवती, शेकोटीशी लेकरू मांडीवर घेऊन बसलात तर ठिणगीने ते पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. शिवाय ते घाम पीत नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही, अॅक्रिलिकच्या टोपीत केस चिंब होतात. म्हणून आतून मऊ सुती अस्तर लावा.

“मग धनगराकडची खरी लोकर आणू का?” दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, गालासाठी नाही. धागा साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड असला की त्याची टोकं त्वचेला टोचतात. त्याला पुष्कळजण ‘लोकरीची अॅलर्जी’ म्हणतात. बहुतेक वेळा ती अॅलर्जी नसते, नुसतं टोचणं असतं. आणि लोकर गरम असते हाही भ्रमच: थर्मामीटर घोंगडीत गुंडाळून ठेवा, पारा हलणार नाही. ती हवा कोंडते आणि ऊब आपलीच आपल्याला परत देते. म्हणूनच घट्ट, खच्चून विणलेलं जास्त ऊबदार होत नाही, हवेला जागाच उरत नाही.

राहिलेले समज भराभर सांगते. हातपाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय असं नाही, तान्ह्यांचे हातपाय गारच असतात. हातमोजा आतून उलटा करून सुटे धागे कापा, ते इवल्या बोटाला आवळून बसतात आणि रडण्याचं कारण कुणाला कळत नाही. गोंडा, मणी, बटण तीन वर्षांखालच्या मुलाच्या टोपीला नको, तोंडात जातं. गळ्याशी नाडी नको. युरोपच्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना मानेशी दोऱ्या चालत नाहीत. मफलर तर पाळण्यात नकोच. मोसंबीने सर्दी होते, हा मोसंबीच्या जिल्ह्यातला समज मी इथे सोडून देते, त्याला वेगळा लेख लागेल.

आणि “वाढतं अंग आहे, मोठीच विण” हे अर्धंच खरं. डोकं जन्मतः ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, वर्षाचं होईतो ४६. पुढच्या चार वर्षांत जेमतेम चार-पाच सेंटिमीटर वाढतं. तेव्हा वर्षाच्या मुलाची टोपी दोन-तीन हिवाळे सहज जाते, फक्त ती मापापेक्षा थोडी लहान विणायची. दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील तर ९२ टाके घाला, दोन सुलट दोन उलट. ताणून बसते, कानही झाकते, नाडी लागत नाही.

यंदा मी कानटोपीबरोबर मोज्यांचा एक जोड फुकट द्यायला लागलेय. परवा एक मावशी तो परत घेऊन आल्या. म्हणाल्या, “मोजे राहू दे गं, पायात थोडंच वारं शिरतं?”