जोर्वे ते इनामगाव: जागेवर सापडलेल्या वस्तूंचा मागोवा

तळवडे म्हटलं की आयटी पार्क, भंगाराची गोदामं आणि चाकणकडे निघालेल्या कंटेनरच्या रांगा आठवतात. पण याच तळवड्याला इंद्रायणीचा काठ आहे. ती तुळापूरला भीमेला मिळते. पुढे घोड नदीही भीमेलाच येऊन मिळते आणि त्या घोडेच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात, साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांचं नांदतं गाव होतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा इतिहास आपल्याच खोऱ्यात आहे. तो उजेडात आणला मडक्यांनी, मण्यांनी आणि मातीच्या मूर्तींनी.

सुरुवात झाली संगमनेरजवळच्या जोर्व्यात. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी प्रवरेकाठी उत्खनन केलं. तोवर महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास सांगायचा तर लेणी आणि सातवाहन यांच्यापासूनच सुरुवात व्हायची. जोर्व्यात त्याच्या कितीतरी आधीची, तांब्याच्या आणि दगडी हत्यारांच्या काळातली वस्ती सापडली. तिथली मडकी लाल, त्यांवर काळ्या रंगातली भौमितिक नक्षी, पोटाला तोटी आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणीत वाजावीत. पुढे जिथे जिथे अशी खापरं मिळाली, तिथल्या वस्तीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळालं. एका खेड्याच्या रोजच्या वापरातल्या भांड्यांनी अख्ख्या कालखंडाची ओळख ठरवली.

१९५४ नंतर नेवाशाचं उत्खनन झालं. तिथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे आतला धागा टिकला होता. तो सुती-रेशमी असल्याचं तपासणीत सांगितलं गेलं. घोडेच्या काठच्या चांडोलीतही तांब्याचे मणी मिळाले, ते जवसाच्या धाग्यात ओवलेले. हेच मणी शेतात सुटे सापडले असते तर आपण त्यांना दागिना म्हणून मोकळे झालो असतो. दफनात, धाग्यासकट मिळाल्यामुळे दोन गोष्टी कळल्या: इथे सूत कातलं जात होतं आणि गेलेल्या लेकराला माळ घालूनच निरोप दिला जात होता.

या मागोव्यातलं सर्वांत समृद्ध पान मात्र इनामगावचं. डेक्कन कॉलेजचं उत्खनन तिथे १९६८ ते १९८३ असं चाललं, सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनी ते केलं. शंभराहून अधिक घरं उघडी झाली. त्यांतल्या एका घराच्या जमिनीत मातीची झाकणबंद लंबगोल पेटी पुरलेली होती. आत होती कच्च्या मातीची, शीर नसलेली स्त्रीमूर्ती. तिच्याबरोबर शीर असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. त्यांतून काडी घातली की देवी बैलावर बसते! मूर्ती भाजलेली नाही, म्हणजे ती कायम ठेवण्यासाठी केलेली नसावी. एखाद्या विधीपुरती घडवून मग पुरली असावी. ढवळीकरांनी तिचा संबंध बाळंतपण आणि मुलांचं रक्षण यांच्याशी जोडला. मूल जन्मल्यावर पाचवीला सटवाई पुजणाऱ्या आपल्या घरांना ही श्रद्धा अनोळखी वाटू नये.

त्याच गावात दगावलेल्या मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत, तेही घराच्या जमिनीखाली. पुरलेल्या मोठ्या माणसांचे पाय घोट्यांपासून तोडलेले दिसतात. पण पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक पुरुष चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला मिळाला आणि त्याचे पाय शाबूत होते. घराला लागून धान्याचं कोठार. तो गावचा प्रमुख असावा, हा निष्कर्ष रांजण, पाय, घर आणि कोठार एकत्र पाहिल्यावरच निघतो. इसवी सनापूर्वी १००० नंतर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांडी हलकी होतात, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात. पाऊस आटल्यानं शेतकऱ्यांवर आलेली वेळ या वस्तूंवरून वाचता येते.

याच्या उलट दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना चार कांस्यवस्तू निघाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष. वजन साठ किलोंहून अधिक, घडण अप्रतिम. पण उत्खननाच्या थरातून न निघाल्यानं त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. काहींनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, काहींनी शंका घेतली. डॉ. साळी यांनी तिथे पुढे उत्खनन केलं आणि वस्तीचा क्रम लावला, तरी त्या चार वस्तूंची मूळ जागा परत मिळणार नव्हती. कच्च्या मातीची इनामगावची देवी आपल्याला जितकं सांगते, तितकं हे भारदस्त कांस्य सांगू शकत नाही. वस्तूचा अर्थ तिच्या किमतीत नसतो. ती कुठे, कशाशेजारी, कशी ठेवली होती, यात असतो.

तळवडे, चिखली, चाकण या पट्ट्यात रोज पाये खणले जातात. जेसीबीच्या एका फटक्यात तीन हजार वर्षांचा पुरावा डंपरमध्ये जाऊ शकतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाची पुरलेली वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा आपुलकीनं हे व्हावं. नक्षीचं खापर, मणी, दगडी पातं दिसलं तर ते उचलू नका, धुऊ नका. जागेवरच फोटो काढा, काम तेवढं थांबवा आणि तहसील कार्यालयाला, पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. आणि मुलांना एकदा येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवून आणा. काय जपायचं आहे, हे त्यांना तिथे कळेल.