साष्टीचा पाथरवट

कौलारू घरांत ज्यांचें बालपण गेलें आहे त्यांना वळचणीखालची खळग्यांची ओळ आठवत असेल. पागोळीचा थेंब तो केवढा! तळहातावर झेलला तर त्याचें वजनहि कळत नाहीं. परंतु मृगापासून हस्तापर्यंत तोच थेंब त्याच जागीं पडत राहिला म्हणजे चोपून सारवलेल्या अंगणाला वाटीएवढा खळगा पाडतो, आणि पायरीच्या दगडावरसुद्धां कांहीं वर्षांनीं बोट टेकेल एवढी खूण उमटवितो. घरांतील पाट्याची कथा निराळी नाहीं. सासूबाईंच्या हातचा पाटा नातसुनेकडे येईपर्यंत मध्यें खोलगट झालेला असतो. झिजलेला दगड गेला कोठें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. कारण तो चटणीबरोबर आपल्याच पोटांत गेलेला असतो!

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आम्हां मंडळींना हाच पागोळीचा न्याय फार मोठ्या प्रमाणावर पाहण्याची सोय दाराशींच आहे. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतचा सारा मुलूख म्हणजे जुनें साष्टी बेट. सकाळची गाडी गांठण्याच्या घाईंत आपण ह्या टेकड्यांकडे पाठ करून धांवत असतों, म्हणून त्यांचा इतिहास आपल्या घरांत सहसा निघत नाहीं. परवां कान्हेरीहून परततांना आमच्या नातवानें विचारलें, "आजोबा, हे डोंगर वर आले कसे?" प्रश्न सरळ होता, पण त्याचें उत्तर उलटें आहे. हे डोंगर जसे आज दिसतात तसे वर आलेले नाहींत. त्यांच्या भोंवतालचें खालीं गेलें आहे.

सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला प्रचंड भेगा पडल्या व त्यांतून तप्त लाव्हारस वाहूं लागला. एक थर निवाला कीं त्यावर दुसरा, असे थरांवर थर बसत गेले. मधून मधून हा उद्रेक थांबे. त्या विसांव्याच्या काळांत येथें उथळ तळीं सांचत आणि त्यांत जीवसृष्टि नांदे. वरळीच्या टेकडींत लाव्ह्याच्या दोन थरांमध्यें इवल्याशा बेडकांचे सांगाडे सांपडले. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्यांनीं १८४७ मध्यें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ज्वालामुखीच्या दोन कोपांमधल्या शांततेंत डराव डराव करणारे हे बेडूक मुंबईचे आद्य रहिवासी म्हणावयास हरकत नाहीं.

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेस गिल्बर्ट हिल म्हणून जो काळा सुळका उभा आहे, तो ह्याच काळांतला. उंची सुमारें २०० फूट, माथ्यावर गांवदेवीचें व दुर्गेचें देऊळ, आणि चढावयास दगडी पायऱ्या. त्याचा उभा कडा जवळून पाहिला तर एकमेकांस चिकटून रचलेले दगडी खांब दिसतात. हे कोणीं घडविलेले नाहींत. तळें आटलें म्हणजे तळचा चिखल सुकून आक्रसतो व त्याला बहुकोनी भेगा पडतात. तप्त खडक निवतांना तसाच आक्रसला आणि त्या भेगा खोलवर उतरून खांब तयार झाले. आयर्लंडच्या किनाऱ्यावर व अमेरिकेंतील वायोमिंग प्रांतांत असेच खांब आहेत आणि ते पाहावयास लोक दुरून जातात. आमच्या अंधेरीचा खांब मात्र उंच इमारतींच्या गर्दींत असा कोंडला आहे कीं, शेजारच्या गल्लींत राहणाऱ्यालाहि त्याचा पत्ता विचारावा लागतो. २००७ मध्यें महानगरपालिकेनें त्यास वारसास्थळाचा दर्जा दिला. एके काळीं अशा खांबांची ओळ जोगेश्वरीच्या दिशेनें पसरली होती. ती पावसानें नेली नाहीं, खाणवाल्यांनीं नेली. परंतु खाणवाल्यांच्या आधीं कित्येक लक्ष वर्षें तोच उद्योग पाऊस करीत होता.

उपनगरांत वर्षाकांठीं सुमारें ९० इंच पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवेंतून येतांना तो किंचित् कर्बाम्ल बरोबर आणतो. हें सौम्य आम्ल खडकाच्या भेगांत शिरून त्यांतील कांहीं खनिजांची माती करतें. भेगांच्या कडा व कोपरे आधीं कुजतात, म्हणून चौकोनी धोंडा आंतून हळूहळू वाटोळा होत जातो आणि त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. रस्त्यासाठीं टेकडी कापलेली असेल तेथें क्षणभर थांबून पाहावें: वर तांबडी माती, तिच्याखालीं मुरूम, मुरुमांत कांद्यासारखे गोटे आणि तळाशीं काळा अखंड पाषाण. डोंगराची झीज पायरीपायरीनें कशी होते, हें एकाच कापांत दिसतें.

खडक कुजविल्यावर माल वाहून नेण्याचें कामहि पाणीच करतें. निघोजला कुकडी नदीच्या पात्रांतले रांजणखळगे पुष्कळांनीं पाहिले असतील. भोंवऱ्यांत सांपडलेले गोटे गरगर फिरून जात्यासारखा खडक दळतात, त्याचें तें फळ. साष्टींत एवढी मोठी नदी नाहीं. पण तुळशी तलावाकडून निघणारी दहिसर नदी, पोयसर, ओशिवरा आणि विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून वाहणारी मिठी, ह्यांनींच ह्या डोंगरांना आजचा उतार दिला.

कान्हेरीच्या भिक्षूंना ह्या पाथरवटाची चांगली ओळख होती. तेथला खडक ज्वालामुखीच्या राखेंत दगडांचे तुकडे रुतून झालेला, म्हणून छिन्नीला जरा सोपा. त्यांत इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षें लेणीं खोदलीं जात होतीं. त्यांची संख्या शंभरांवर आहे. लेण्यांच्या बाजूला पाण्याचीं टांकीं आहेत, ज्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटलें आहे, आणि डोंगरावरचें पाणी त्यांत आणणाऱ्या पन्हळी कातळांत कोरल्या आहेत. डोंगरांत राहावयाचें तर आधीं पाण्याची वाट ठरवावी, मग आपली, असा त्यांचा क्रम दिसतो.

वाऱ्याचें कार्य येथें दुय्यम आहे. राजस्थानांत तो वाळूच्या टेकड्या हलवितो. आमच्याकडे नैऋत्येकडून ढग आणून सोडतो, लाटा किनाऱ्यावर आपटतो आणि जुहू-वर्सोव्याच्या वाळूची उलथापालथ करतो, एवढेंच.

बर्फाचें नांव काढलें तर वाचक हंसतील, कारण आमच्या मुंबईंत बर्फ पाहावयाचा तो सरबताच्या पेल्यांत! परंतु सुमारें २० हजार वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या उत्तरेकडील भूभागावर बर्फाचे विस्तीर्ण थर जमले होते. तें पाणी समुद्रांतूनच गेलेलें; त्यामुळें समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें ४०० फूट खालीं होती आणि आपला किनारा पश्चिमेस फार दूर होता. साष्टीचे ओढे त्या खालच्या समुद्राकडे धांवतांना दऱ्या खोल कोरीत गेले. पुढें बर्फ वितळलें, समुद्र वर चढला आणि त्या दऱ्यांत शिरला. मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेची ठाण्याची खाडी, पश्चिमेकडच्या मालाड व मनोरीच्या खाड्या ह्या अशा बुडालेल्या दऱ्या होत. १८८० मध्यें खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकसाठीं खोदकाम चालू असतां भरतीच्या पातळीखालीं खैराच्या झाडांचीं खोडें मुळांसकट सांपडलीं, त्यावरून किनाऱ्याची भूमीहि कांहीं ठिकाणीं खचली असावी. पुढें डोंगरांची माती खाडींत उतरली, तिवरांनीं ती आपल्या मुळांत धरून ठेवली, आणि त्याच चिखलावर मुलुंड-भांडुपकडचीं मिठागरें उभीं राहिलीं.

मनुष्यानेंहि डोंगराला हात लावला, ह्याबद्दल सरसकट दोष देणें बरें नव्हे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची देखणी इमारत कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळसर दगडाची आहे. अपाय होतो तो डोंगराचा पायथा कापून, कापलेल्या कड्याखालीं बिऱ्हाड थाटल्यावर. कड्याला पायाचा आधार उरत नाहीं. पावसाचें पाणी वरच्या मातींत मुरतें, मातीचें वजन वाढतें, खालच्या गुळगुळीत कातळावर तिची पकड सुटते आणि सगळी दरड एकदम खालीं येते. १२ जुलै २००० रोजीं घाटकोपरच्या टेकडीवरून आझाद नगरच्या झोंपड्यांवर अशीच दरड कोसळली आणि साठांहून अधिक माणसें गेलीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारें ३७ इंच पाऊस झाला. कुलाब्यास त्याच दिवशीं तीन इंचहि पडला नाहीं. साकीनाक्याजवळ पुन्हां दरडीखालीं माणसें गाडलीं गेलीं. भराव घालून अरुंद केलेल्या मिठीला समुद्राच्या भरतीनें तोंडाशींच अडविलें. मग ती कुर्ला-कलिनाच्या घरांत शिरली.

आमच्या एका स्नेह्यांचें घर टेकडीच्या पायथ्याशीं आहे. मागच्या अंगणांत डोंगराला लागून उंच दगडी भिंत आहे. भिंतींत पाणी बाहेर पडण्यासाठीं बांधणारानें भोंकें ठेविलीं होतीं. त्यांतून दर पावसाळ्यांत लाल पाणी येई आणि अंगणांतल्या फरशीवर डाग पडत. रहिवाशांनीं सभा भरवून तीं सिमेंटनें बुजविलीं. दोन वर्षांनीं भिंतीच्या मध्यावर फुगवटा दिसूं लागला. आमच्या स्नेह्यांनीं पदरचे पैसे घालून गेल्या वैशाखांत सगळीं भोंकें पुन्हां मोकळीं करविलीं, त्यावरून शेजाऱ्यांशीं बोलाचालीहि झाली. आषाढांत त्यांच्याकडे गेलों तेव्हां प्रत्येक भोंकांतून करंगळीएवढी धार चालू होती आणि वहिनी खराट्यानें लाल गाळ एका बाजूस लोटीत होत्या. नातवानें त्यांतला चिमूटभर गाळ बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, हा तर डोंगर आहे!"