कड्यावरचं फूल, घाणेरीतला बुलबुल

भाद्रपदातली सकाळ. शिवनेरीच्या पायऱ्या ओल्याचिंब, कड्याला धुकं बिलगलेलं. मी दुर्बीण घेऊन बसलोय, पण पक्ष्यासाठी नाही, शिंदळ माकुडीसाठी. ही वनस्पती जागची हलत नाही, तरी चटकन सापडत नाही. उभ्या कातळाच्या भेगेत मूळ धरून मांसल फांद्या लोंबत असतात. फुलावर नसली तर नजर तिच्यावरून घसरून जाते.

लालबुड्या बुलबुलाला मात्र दुर्बीण लागत नाही. दोन हातांवर, घाणेरीच्या जाळीत, शेंडी उभारून त्याचं बोलणं चाललंय.

धुकं विरलं आणि फूल दिसलं. रुपयाएवढा पाच टोकांचा तारा, गर्द किरमिजी, त्यावर पिवळ्या खुणा, कडेला बारीक लव. डाल्झेल या वनस्पतितज्ज्ञाने 1865 साली या वनस्पतीचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. पावसात ती पानं धरते, कोरड्या दिवसांत गाळते आणि फांद्यांतल्या पाण्याच्या बेगमीवर उन्हाळा काढते. तिचे पराग सुटे नसतात. त्यांचे गठ्ठे माशीच्या अंगाला अडकून दुसऱ्या फुलावर जावे लागतात. ते जमलं तर शेंग धरते. मग रेशमी झुपक्याचं बी वाऱ्यावर निघतं आणि त्यालाही रुजायला अशीच एखादी भेग हवी असते.

बुलबुलाच्या अशा अटी नाहीत. फळ, किडा, मध, जे मिळेल ते चालतं. घरटं अंगणातल्या झाडातही होतं. माणसांनी त्याला फिजी, हवाईसारख्या बेटांवर नेलं आणि तिथे तो उपद्रवी ठरला.

पूर्वी माझ्या वहीत बुलबुलाची नोंद नसायची. नेहमीचाच, त्याचं काय लिहायचं? त्या दिवशी त्याने घाणेरीची काळी फळं खाल्ली, उडून कातळाच्या कडेवर बसला आणि शिटून गेला. शिटेत बिया होत्या. दक्षिण अमेरिकेतून आलेली घाणेरी आपल्या डोंगरउतारांवर अशीच वर चढते. पक्ष्याचा त्यात दोष नाही. झुडूप आपण आणलं, तो पोट भरतो.

आता वहीत दोघांची नोंद शेजारी-शेजारी असते: माकुडीची फुलं किती, बुलबुल कुठे बसला, काय खाल्लं. त्या भेगेत उद्या कोण रुजेल, हे ओळखायला मला दोन्ही रकाने लागतात.